दिवाणखान्यातला गोंधळ

गेल्या काही वर्षांत पुण्या-मुंबईच्या (आणि आता नाशिक-कोल्हापूरच्याही) सुशिक्षित घरांतून एक नवी टूम निघाली आहे. दिवाणखान्यातले सोफे भिंतीला लावायचे, सतरंजी अंथरायची, कोपऱ्यात समई तेववायची, तीस-चाळीस निवडक मित्रांना बोलवायचे आणि गोंधळ, भारूड, जात्यावरच्या ओव्या किंवा लावणी यांपैकी काहीतरी 'जवळून' ऐकायचे. व्यासपीठ नाही, ध्वनिक्षेपक नाही, गायक आणि श्रोता यांच्यात हातभराचे अंतर. या प्रकाराला 'हाउस कॉन्सर्ट' म्हणावे की 'घरगुती बैठक', यावर यजमानांत एकमत नाही. त्याच्या गुणवर्णनात एक शब्द मात्र हटकून येतो : आत्मीयता. आमचे भांडण या शब्दाशी आहे.

भांडणाआधी कबुली. अशा बैठकांना आम्ही गेलो आहोत, आवडीने गेलो आहोत, आणि एकदा तर प्रास्ताविक करायला आमच्यातलाच एक प्राध्यापक उभा होता. तुणतुण्याच्या एका तारेत काय काय दडलेले असते ते आम्हांला कोणत्याही सरकारी महोत्सवात कळले नव्हते, ते एका बंद दारांच्या खोलीत कळले. तेव्हा कानांना मिळालेल्या सुखाबद्दल आमची तक्रार नाही.

पण त्याच संध्याकाळी घडलेला एक प्रसंग मनातून जात नाही. गोंधळ्याने संबळ पुढे ओढला, साथीदारांकडे पाहिले आणि यजमानांना विचारले, "मालक, घराचं कुलदैवत कोणतं?" यजमान हसले. बाईंकडे पाहिले. मग म्हणाले, "ते राहू द्या हो, तुम्ही आपलं पारंपरिक काहीतरी म्हणा." क्षणभर संबळावरचा हात थांबला. मग गोंधळ सुरू झाला, चांगला झाला, टाळ्याही पडल्या. दिवटी मात्र पेटली नाही, छताला काजळी धरेल म्हणून.

गोंधळाविषयी ज्यांनी रा. चिं. ढेऱ्यांचे 'मराठी लोकसंस्कृतीचे उपासक' वाचले आहे, त्यांना या प्रश्नाचे मोल सांगायला नको. गोंधळ हा मुळातच घरातला कार्यक्रम. लग्नानंतर, नवस फेडताना, घरच्या देवीपुढे तो घातला जातो. चौक मांडतात, कलश बसवतात, घरची माणसे दिवटीला तेल घालतात आणि गोंधळी ठिकठिकाणच्या दैवतांना त्या घरी येण्याचे आवाहन करतो. 'कोणाच्या घरी' हे ठाऊक नसेल तर देवतेने यायचे कुठे? यजमान आणि गोंधळी यांचे नाते पिढ्यान्‌पिढ्यांचे असे. गोंधळी घरोघरची कुळे आणि दैवते लक्षात ठेवी आणि त्या बदल्यात शिधा, चोळी-लुगडे, दक्षिणा यांवर त्याचा हक्क असे. हक्कच, बक्षीस नव्हे. या नात्यात जातिव्यवस्थेची उतरंड होती, ते गोड मुळीच नव्हते. ते परत आणावे असे आम्ही म्हणत नाही. पण त्या नात्यात गोंधळ्याला यजमानाला प्रश्न विचारता येत होता. आमच्या दिवाणखान्यात तो प्रश्न एका हास्यात विरून गेला. म्हणजे जवळीक आम्हांला हवी, पण त्या जवळिकीतून आमच्यावर येणारे कोणतेही देणे नको. याला आत्मीयता म्हणायचे असेल तर मराठी शब्दकोश दुरुस्त करावा लागेल.

लावणीच्या बाबतीत तर हा शब्द वापरताना जीभ अडखळायला हवी. बैठकीची लावणी हा प्रकार पूर्वीपासून खोलीतच वाढला. बसून गायचे, अदा चेहऱ्याने आणि हातांनी करायची, समोर मोजके रसिक. हातभर अंतराचे हे सौंदर्य कोल्हाटी आणि तत्सम समाजांतल्या बायकांनी घडवले, आणि त्या अंतराची किंमत दौलतजादाच्या रूपाने ठरत होती. कधी ती किंमत फक्त गाण्याची नसे, हेही सर्वांना ठाऊक होते. यमुनाबाई वाईकरांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार १९९५ साली मिळाला, पद्मश्री २०१२ साली, म्हणजे नव्वदी उलटून गेल्यावर. त्यांच्या गायकीची जवळीक कोणत्या खोल्यांतून आणि कोणत्या अटींवर सिद्ध झाली होती याचा उच्चार न करता 'बैठकीचा तो हरवलेला जिव्हाळा' असे उसासे टाकणारे प्रास्ताविक आम्ही ऐकले आहे. त्या जिव्हाळ्यात गाणाऱ्या बाईला 'आज नाही' म्हणायची सोय होती का, हे त्या वक्त्याने सांगितले नाही.

आणि ओवी? ओवीला तर श्रोताच नव्हता. पहाटे दोघी जात्याला बसत, एकीने ओवी सोडली की दुसरी ती उचले. ऐकणारे असलेच तर जाते आणि झोपेतली पोरे. एका बैठकीत आम्ही दिवाणखान्याच्या मधोमध शोभेचे जाते पाहिले. एक वयस्क बाई ते रिकामेच फिरवत होत्या, दगडावर दगड घासत होता आणि भोवती पंधरा-वीस मोबाइल उंचावलेले होते. ज्या एकांतात सासर-माहेरचे दुःख बोलता येत होते तोच आम्ही चित्रित करत होतो.

'हाउस कॉन्सर्ट' ही कल्पना आपण अमेरिकेकडून उचलली. तिथे रिवाज असा की पाहुण्यांकडून जमलेले पैसे गायकाला मिळतात आणि यजमान त्यातून काही घेत नाही. आपण समई आणि सतरंजी घातली, हा रिवाज मात्र विमानतळावरच राहिला असावा. आम्ही पाहिलेल्या एकाही बैठकीत गायकाला काय मिळाले हे कोणी उघड सांगितले नाही. अर्थात तिकडेही सारे निर्मळ नव्हते, आणि साहित्याच्या प्राध्यापकांनी तर तिकडची एक गोष्ट पाठच करावी. लुइझियानातल्या तुरुंगात जॉन लोमॅक्स या लोकगीत-संगाहकाला हडी लेडबेटर ऊर्फ लेड बेली हा कृष्णवर्णीय गायक सापडला. सुटकेनंतर, डिसेंबर १९३४ मध्ये, लोमॅक्सने त्याला फिलाडेल्फियात मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या अधिवेशनात, म्हणजे आपल्याच व्यवसायबंधूंपुढे गायला उभे केले. पुढल्या वर्षीच्या एका बातमीपटात हा मोकळा माणूस पुन्हा कैद्याच्या वेषात दिसला. लेड बेली लोमॅक्सची मोटारही चालवी, आणि मिळकतीतला दोन तृतीयांश वाटा लोमॅक्स पिता-पुत्रांकडे जाई. १९३५ च्या मार्चमध्येच दोघांचे फाटले. लेड बेली डिसेंबर १९४९ मध्ये वारला आणि 'गुडनाइट आयरीन' हे त्याचे गाणे 'द वीव्हर्स' या गोऱ्या गायकांच्या संचाने १९५० साली घरोघर पोहोचवले. गाण्याच्या श्रेयात लोमॅक्सचेही नाव आहे.

नावाचा हा मुद्दा आपल्या वर्गांपर्यंत येतो. 'लोकसाहित्याची वैशिष्ट्ये सांगा' या प्रश्नाच्या उत्तरात विद्यार्थी पहिले वैशिष्ट्य लिहितो : अनामिकता. हे आम्हीच शिकवतो आणि गुणही देतो. मग बैठकीच्या निमंत्रणपत्रिकेवर प्रास्ताविक करणाऱ्याचे नाव पदवीसकट आणि खाली 'गोंधळी कलावंत व साथीदार' एवढेच छापलेले असते, तेव्हा कोणाला काही खटकत नाही. होनाजी बाळा, राम जोशी यांनी लावणीत आपली नावे गुंफली. आणि हेमा राईरकर व गी पोइतवाँ यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या तेव्हा लाखाहून अधिक ओव्यांबरोबर हजारावर गावांतल्या बायकांची नावे आणि गावेही नोंदवली. आज तो संग्रह 'परी'वर कोणालाही पाहता येतो. ज्या प्रकाराला अनामिक म्हणण्याचा मोह सर्वांत जास्त, तिथेच नावे सापडतात. विचारली की सापडतात.

त्या संग्रहात डॉ. आंबेडकरांवरच्या ओव्याही पुष्कळ आहेत. दिवाणखान्यात त्या आम्ही ऐकल्या नाहीत. भीमगीतही ऐकले नाही. वामनदादा कर्डकांची (१९२२-२००४) गाणी वस्त्यावस्त्यांतून, बारशा-लग्नांतून, दारापुढच्या मांडवात गायली गेली. घरातल्या, मूठभर माणसांतल्या गाण्याचे याहून जिवंत उदाहरण मराठीत क्वचित सापडेल. पण 'मुळांकडे' निघालेल्या आमच्या यजमानांना ही मुळे दिसत नाहीत. कारण उघड आहे. गोंधळ्याच्या प्रश्नावर हसून वेळ मारून नेता येते, भीमगीत घरात येऊन जो प्रश्न विचारते त्यावर तसे हसता येणार नाही.

'मग या कलावंतांनी गायचेच नाही का? निदान चार पैसे तरी मिळतात.' हा आक्षेप आम्हांला अपेक्षित आहे, आणि तो खोटा नाही. जुनी यजमान घरे सदनिकांत विखुरली, लग्ने मंगल कार्यालयांत गेली. गोंधळ्याला अशी बैठक हवी असते, हे त्यानेच आम्हांला सांगितले. बैठका बंद करा असे कोण म्हणतो? ठरलेला आकडा आधी सांगा, पत्रिकेवर नावे छापा, काय गायचे ते गाणाऱ्याला ठरवू द्या, आणि गाण्यानंतरचे प्रश्न शेजारच्या अभ्यासकाला न विचारता गायकाला विचारा. त्या संध्याकाळी सातही प्रश्न आमच्या प्राध्यापक मित्राला आले. त्याने सातही उत्तरे दिली. गोंधळी शेजारी मांडी घालून ऐकत होता.

निघताना त्याने आमच्याकडे एकच गोष्ट मागितली : आम्ही केलेल्या ध्वनिमुद्रणाची एक प्रत, नातवाला शिकवायला उपयोगी पडेल म्हणून. आम्ही लगेच होकार दिला आणि पत्ताही लिहून घेतला. याला आठ महिने झाले. प्रत अजून आमच्याकडेच आहे.