महाविद्यालय कुणी बदलावे?

लाखांदूर, पवनी वा साकोलीचा विद्यार्थी नागपूरच्या महाविद्यालयात जातो आणि पहिल्याच सत्रात ‘परत भंडाऱ्याला प्रवेश घ्यावा काय’ या विचाराने पोखरला जातो. ‘त्याला जमले नाही’ म्हणून आपण मोकळे होतो. काय जमले नाही? ‘पानी’ म्हटल्यावर वर्गात पिकणारा हशा पचविणे? झाडीबोलीत ‘ण’ नाही. तो उच्चारदोष नव्हे, बोलीचा नियम आहे. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी तिचा शास्त्रीय अभ्यास केला. झाडीपट्टीची रंगभूमी तर रात्र रात्र प्रेक्षक जागविते. (हसणाऱ्या किती जणांनी दंडार पाहिली आहे?)

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१२ च्या समता-नियमांत जातीबरोबर भाषेचाही उल्लेख होता आणि तक्रारीसाठी अधिकारी नेमण्याचे बंधन होते. मग बदलायचे कुणी?

अध्यापन निकृष्ट असेल, खोलीभाडे झेपत नसेल, जीवच गुदमरत असेल, तर महाविद्यालय खुशाल बदलावे. त्यात कमीपणा कसला? परंतु केवळ हशापायी परतायचे असेल, तर आधी लेखी तक्रार द्यावी, तिची पोच घ्यावी आणि प्राचार्यांचे उत्तर हाती पडेपर्यंत दाखला मागू नये.