शून्य बॅलन्सवाल्याचं काय करायचं?

गेल्या सेमिस्टरची गोष्ट. सबमिशनची आदली रात्र, अडीच वाजलेले. दारावर टकटक झाली. बाहेर फर्स्ट इयरचा एक मुलगा उभा. "दादा, सतरा पानं काढायची आहेत, प्रिंटर घेतच नाहीये."

घेणार कसा? रीडिंग रूमच्या प्रिंटरची क्रेडिट सिस्टिम मीच बसवली होती ना! महिन्याला पन्नास पानं फुकट, पुढची पैसे भरून, बॅलन्स शून्य झाला की कुलूप. याच्या खात्यातली अकरा पानं तर कागद अडकून फाटलेली होती, तरी सिस्टिमने ती मोजली होती. मी काय केलं? "नियम म्हणजे नियम" म्हणालो आणि झोपलो. सकाळी त्याने अर्धवट जर्नल दिलं. भांडला असता तर बरं झालं असतं. पण तो काहीच बोलला नाही, आणि तेच जास्त लागलं.

पुढे लॅबमध्ये सरांशी बोलताना ते म्हणाले, "अरे, हा प्रश्न तुझ्या जन्माच्या आधी बीबीएसवाल्यांनी सोडवलाय." मग मी त्यांच्या मागेच लागलो.

बीबीएस म्हणजे बुलेटिन बोर्ड सिस्टिम. घरातला एक कॉम्प्युटर, एक मोडेम आणि एक टेलिफोन लाइन. पहिला बीबीएस १९७८ साली शिकागोत वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रॅंडी स्यूस यांनी सुरू केला. लोक फोन लावून आत यायचे, निरोप लिहायचे, फायली घ्यायचे. गंमत अशी की लाइन एक असली की आत माणूसही एकच! बाकीच्यांना एंगेज टोन. २४०० बिट्सच्या मोडेमवर सेकंदाला साधारण २४० अक्षरं यायची, म्हणजे एक एमबीची फाइल उतरवायला तासाहून जास्त वेळ. तेवढा वेळ अख्खं गाव बाहेर ताटकळत. आपल्या बाथरूमच्या रांगेसारखंच की!

अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी लोकल कॉलला महिन्याचा ठरावीक आकार असायचा, त्यामुळे फोन ठेवायची घाई कुणालाच नसे. म्हणून बीबीएस चालवणाऱ्या सिसॉपने हिशेब सुरू केला. रोज प्रत्येकाला ठरावीक मिनिटं. काही ठिकाणी उरलेली मिनिटं 'टाइम बँके'त टाकून दुसऱ्या दिवशी वापरता यायची. फायलींसाठी वेगळा रेशो: एक फाइल चढवा, तीन किंवा दहा उतरवा. १९८४ मध्ये टॉम जेनिंग्जने फिडोनेट सुरू केलं आणि एका गावचा निरोप रात्रीच्या स्वस्त दरात दुसऱ्या गावच्या बीबीएसला जाऊ लागला. त्या लांबच्या कॉलचं बिल मात्र सिसॉपच्या घरी यायचं. म्हणून अशा निरोपांसाठी लोकांकडून आधी पैसे घेऊन त्यांच्या खात्यात क्रेडिट ठेवायची पद्धत पडली.

आता माझं मत सांगतो. हे हिशेब जिथे नीट चालले, तिथे सिसॉपला एक गोष्ट कळलेली होती: आपल्याकडे नेमकं कमी काय आहे? लाइन कमी असेल तर मिनिटं मोजा, कॉलला पैसे पडत असतील तर पैसे घ्या. सगळं एकाच तराजूत घातलं की घोळ होतो. रेशोचंच बघा. तिथे मोजली जायची फायलींची संख्या किंवा त्यांचा आकार, कामाची फाइल की बिनकामाची हे नाही. मग लोकांनी तीच फाइल नाव बदलून परत चढवली, एकीचे चार तुकडे केले. डिस्क कचऱ्याने भरली आणि डुप्लिकेट पकडणारे प्रोग्राम लिहायची वेळ आली. आपल्याकडे अटेंडन्सची सही मोजतात तेव्हा काय होतं, हे मी सांगायला हवं का?

दुसरी गोष्ट, पैसे कधी कापायचे? लाइनवर खरखर झाली, घरात कुणी दुसरा फोन उचलला, की कनेक्शन तुटायचं. एक्समोडेमवर फाइल परत पहिल्यापासून. १९८६ मधल्या झेडमोडेममुळे तुटलं तिथून पुढे सुरू करता येऊ लागलं. जो सिसॉप फाइल पूर्ण पोचल्यावरच क्रेडिट कापेल, त्याच्यावर लोक विश्वास ठेवणारच. फाटलेल्या अकरा पानांचे क्रेडिट कापणारा मी यात कुठे बसतो, ते तुम्हीच ठरवा.

कुणी म्हणेल, "ढिलं सोडलं की फुकटे माजतात." बरोबर आहे. तिकडेही होते, त्यांना 'लीच' म्हणजे जळू म्हणायचे! प्रिंटरवर अख्खी कादंबरी छापणारे महाभाग आपल्याकडेही आहेत. पण जळू आणि अडलेला माणूस, दोघांचाही बॅलन्स शून्यच दिसतो. फरक आकड्यात नाही, वहीत मागे जाऊन बघितलं तर कळतो. फुकट्याला आवरायला मर्यादा हवीच. पण शून्यावर दार बंद करण्याऐवजी थोडी उधारी ठेवली तर हॉस्टेल बुडत नाही. मेसचे काका वर्षानुवर्षं हेच करतात, आणि त्यांची वही माझ्या सॉफ्टवेअरपेक्षा जास्त पैसे वसूल करते!

म्हणून या सेमिस्टरपासून रेक्टर सरांच्या परवानगीने तीन बदल केलेत. पान नीट बाहेर आलं तरच मोजायचं. फाटलेलं पान डब्यात टाका, रविवारी क्रेडिट परत. शून्यानंतरही वीस पानं उधार, पुढच्या महिन्यात वळती. आणि कागद-टोनरचा पूर्ण हिशेब नोटीस बोर्डवर, म्हणजे पैसे कुठे गेले हे कुणालाही बघता येईल. यातही चुका निघतील. निघाल्या तर खोलीवर या, अडीच वाजता आलात तरी चालेल.

त्या मुलाची अकरा पानं मी परत जमा केली आहेत. जर्नलचे गेलेले मार्क मात्र मला परत करता येत नाहीत.