सहल एका दिवसाची, वारसा दोन हजार वर्षांचा

पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावर बोरिवली, वसई रोड आणि नालासोपारा ही स्थानके एकमेकांपासून फार दूर नाहीत. पहिल्यावर उतरून कान्हेरीची लेणी, दुसऱ्यावरून वसईचा किल्ला आणि तिसऱ्यावरून सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप गाठता येतो. सकाळी लेणी, दुपारी स्तूप आणि उन्हे कलल्यावर पोर्तुगीजांचे उद्ध्वस्त नगर, अशी पूर्ण दिवसाची सहल त्यामुळे सहज आखता येते. एका दिवसात दोन हजार वर्षे उरकण्याच्या या घाईची थट्टा करणे सोपे आहे. परंतु ती न्याय्य ठरणार नाही. आठवड्यातील सहा दिवस नोकरीत आणि लोकलच्या गर्दीत घालविणाऱ्या माणसाजवळ सातवा दिवस तेवढा असतो. लेकराबाळांसह, परवडेल अशा खर्चात त्याने तो इतिहासाच्या सहवासात घालविला, तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? प्रश्न सहलीच्या वेगाचा नाही. ही सहल ज्या गावांतून जाते त्या गावांच्या पदरात ती काय टाकते, हा खरा प्रश्न आहे.

त्याचा विचार करण्यापूर्वी ही तीन ठिकाणे एका सूत्रात कशी बांधली गेली आहेत, हे पाहावयास हवे. सोपारे म्हणजे प्राचीन शूर्पारक. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात या बंदराचा उल्लेख आहे. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा येथे १८८२ साली सापडला आणि नवव्याचा तुकडा जवळच्या भुईगावात १९५६ साली मिळाला. सम्राटाने आपली आज्ञा कोरावी एवढे या बंदराचे महत्त्व होते. बंदरातील व्यापाराने जी संपत्ती निर्माण केली तिचा काही भाग सह्याद्रीच्या कातळात उतरला. कान्हेरीच्या शंभराहून अधिक लेण्यांतील शिलालेख वाचले, म्हणजे सोपारे, कल्याण, चौल येथील व्यापाऱ्यांची, कारागिरांची आणि गृहस्थांची नावे दाते म्हणून भेटतात. कोणी लेणे दिले, कोणी पाण्याचे टाके खोदविले, कोणी भिक्षूंच्या वस्त्रांसाठी द्रव्य ठेवले. वसईची कथा निराळी असली तरी तिचेही मूळ समुद्रव्यापारातच आहे. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना तोडून दिली आणि पुढे दोनशे वर्षे तटबंदीच्या आत चर्च, मठ, वाडे असे एक संपन्न युरोपीय नगर उभे राहिले. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ते जिंकले. पुढे ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी जो तह केला, तोही याच वसईत. मराठी स्वातंत्र्याचा विजय आणि त्याच्या अस्ताची नांदी या दोन्हींशी या गावाचे नाव असे कायमचे जोडले गेले आहे.

लेणी, स्तूप आणि किल्ला ही तीन सुटी दृश्ये नसून पश्चिम किनाऱ्यावरील व्यापार, त्यातून उरणारे वाढावे आणि त्या वाढाव्याचा विनियोग यांचा हा एकच सलग इतिहास आहे. एका दिवसाच्या सहलीत हे सूत्र सांगणारा कोणी भेटला, तर दिवस पुरेसा आहे. तो भेटला नाही, तर आठवडाही अपुराच पडेल.

आता हिशेबाकडे वळावयास हरकत नाही. सहलीला निघालेल्या माणसाचा रुपया कोठे कोठे जातो? वाहनाचे भाडे शहरातील वाहनमालकाला मिळते, आयोजकाचा नफा शहरातच राहतो, खाद्यपदार्थ बहुधा घरून किंवा महामार्गावरील उपाहारगृहातून येतात. कान्हेरीस जाणाऱ्याला दोन तिकिटे काढावी लागतात, एक राष्ट्रीय उद्यानाचे आणि दुसरे लेण्यांचे. त्यांपैकी पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाचे उत्पन्न केंद्र सरकारच्या एकत्रित निधीत जमा होते. ते त्याच स्थळावर खर्च होईल असे कोणतेही बंधन नाही. पायवाटेवर काकडी किंवा पेरू विकणारी बाई, किल्ल्याबाहेरचा चहावाला, स्टेशनवरचा रिक्षावाला यांच्या हाती जे पडते, तेवढाच त्या रुपयाचा स्थानिक हिस्सा. प्रवासी मुक्काम करीत नाही, म्हणून खानावळ चालत नाही. खानावळ चालत नाही, म्हणून गावचा भाजीपाला, मासळी आणि सुकेळी यांना नवे गिऱ्हाईक मिळत नाही. खर्चाची एक फेरी दुसऱ्या फेरीस जन्म देते तेव्हा उत्पन्न वाढते, हा अर्थशास्त्रातील प्राथमिक पाठ आहे. येथे पहिली फेरीच गावाच्या वेशीबाहेर पूर्ण होते.

लाभाची बाजू अशी तोकडी असताना भाराची बाजू मात्र नेमकी गावावर येते. प्राचीन स्मारकांविषयीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० साली जी सुधारणा झाली, तिच्यामुळे केंद्रसंरक्षित स्मारकाच्या भोवतालचे १०० मीटर क्षेत्र नव्या बांधकामास निषिद्ध झाले आणि त्यापुढील २०० मीटर क्षेत्र नियंत्रित ठरले. घराची दुरुस्ती करावयाची तरी परवानगी हवी. या निर्बंधांवाचून वसईच्या किल्ल्यासारखी वास्तू वाढत्या शहरीकरणापुढे टिकली नसती, हे निर्विवाद आहे. पण निर्बंधाची किंमत कोण मोजतो, हेही स्पष्टपणे मांडले पाहिजे. ती मोजतात तटाच्या सावलीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली कुटुंबे. स्मारक साऱ्या राष्ट्राचे, त्याचा आनंद साऱ्या जगाचा आणि त्याच्यापायी येणारी अडचण मात्र शेजाऱ्याची, अशी ही विभागणी आहे. लाभ विखुरलेला आणि भार एकवटलेला असला, म्हणजे भार वाहणाऱ्याच्या मनात त्या वस्तूविषयी ममत्व राहत नाही. तटाचा दगड निखळला तर त्याने हळहळावे अशी अपेक्षा करणाऱ्यांनी, त्या तटाने त्याला काय दिले हेही स्वतःला विचारावे.

सोपाऱ्याच्या बाबतीत तर याहून सूक्ष्म अशी एक उणीव आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली ‘बुरूड राजाचा कोट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खनन केले, तेव्हा दगडी करंडकात सुवर्णपुष्पे, बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून जतन केलेले तुकडे, ब्राँझच्या आठ मूर्ती आणि सातवाहन राजाचे एक चांदीचे नाणे हाती आले. त्या वस्तू मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेल्या, आणि अशोकाचा शिलालेख मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे. तेथे त्यांचे जतन झाले, ही समाधानाचीच गोष्ट होय. परंतु गावाकडे उरले ते विटांचे टेकाड. वसईच्या चर्चमधील घंटाही अशाच दूरदूरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील घंटा त्यांपैकीच एक. मूल्यवान ते बाहेर गेले आणि अवशेष तेवढे मागे राहिले, ही या परिसराची जुनीच रीत दिसते. आधुनिक सहल तीच रीत पैशाच्या रूपाने पुढे चालविते.

यावर दोन उपाय नेहमी सुचविले जातात. सरकारने अधिक खर्च करावा, हा पहिला. तो योग्य असला तरी अपुरा आहे. कारण अंदाजपत्रकातील तरतूद वर्षागणिक कमीअधिक होते आणि तिचे प्राधान्यक्रम दिल्लीत ठरतात. उद्योगसमूहांनी स्मारके दत्तक घ्यावीत, हा दुसरा. केंद्र सरकारने २०१७ साली तशी योजना सुरू केली. तिच्यातून स्वच्छतागृहे, फलक, दिवे मिळाले तर त्यांचे स्वागतच होईल. मात्र दत्तक घेणाराही बाहेरचाच असतो आणि त्याचे औदार्य त्याच्या ताळेबंदावर अवलंबून असते. दोन्ही उपायांत गावकरी हा केवळ प्रेक्षक राहतो.

तिसरा मार्ग शोधण्यासाठी परदेशी जाण्याची आवश्यकता नाही. तो या भूमीतील लेण्यांच्या भिंतींवरच कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी आपल्या दानाची व्यवस्था नोंदवून ठेवली. त्याने ३००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागावयाचे नाही, व्याज तेवढे खर्चावयाचे. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी मिळत. या ठेवीचे नाव ‘अक्षयनीवी’. कान्हेरीतही अशा देणग्यांच्या नोंदी आहेत. थेट नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, गौड देशाहून आलेल्या एका उपासकाने शंभर द्रम्म अशाच रीतीने ठेवले. या व्यवस्थेचे मर्म असे की, पैसा राजाच्या खजिन्यात न जाता गावच्या विणकरांकडे खेळता राहिला. त्यांच्या धंद्याला भांडवल मिळाले आणि लेण्याला नियमित उत्पन्न. स्मारक आणि गाव यांचे हित एकाच ठेवीत गुंतले. विशेष म्हणजे याच उषवदाताने भडोच, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे प्रवाशांसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या, असेही त्याचा लेख सांगतो. सोपाऱ्यास आलेल्याने तेथे रात्रभर टेकावे, ही सोय त्या काळी दानशूराला आवश्यक वाटली होती.

वसई, सोपारे आणि कान्हेरी यांच्यासाठी अशी आधुनिक अक्षयनीवी उभारता येईल. तिकिटांच्या आणि वाहनतळांच्या उत्पन्नातील ठराविक हिस्सा, त्यात सहल-आयोजकांकडून दर वाहनामागे घेतलेली माफक रक्कम, अशी तिची सुरुवात व्हावी. मुद्दलास हात लावू नये. व्याजातून परिसरातील तरुणांना मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षण मिळावे, सोपाऱ्याच्या वस्तूंच्या प्रतिकृती सोपाऱ्यातच पाहावयास मिळाव्यात, आणि निर्बंधाखालील घरांच्या दुरुस्तीला, नियमांच्या चौकटीत, साहाय्य व्हावे. ठेव स्थानिक सहकारी पतसंस्थांतून मच्छीमारांना, बागायतदारांना आणि घरी दोन खोल्या प्रवाशांना देऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांना कर्जरूपाने फिरावी. पुरेशी तारणे आणि कडक लेखापरीक्षण यांवाचून हे करू नये, हे सांगावयास नको. पतसंस्थांचे कटू अनुभव महाराष्ट्राला नवे नाहीत.

आक्षेप दोन संभवतात. अशा आकारणीने गरिबाची सहल महाग होईल, हा एक. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना आजही तिकीट नाही. तीच सवलत शालेय सहलींच्या वाहनांना द्यावी आणि पायी किंवा एस. टी.ने येणाऱ्यावर काहीच आकारू नये, म्हणजे भार जेथे पेलतो तेथेच पडेल. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नाव ‘अक्षय’ असले तरी त्या जुन्या ठेवी अक्षय राहिल्या नाहीत. श्रेणी विरल्या, नाणी बदलली आणि लेणी ओस पडली. चलनवाढीच्या काळात स्थिर मुद्दलाचे मूल्य झिजते, हे ध्यानी घेऊन व्याजाचा काही भाग दरवर्षी मुद्दलात मिळविला पाहिजे. उषवदाताकडून तत्त्व घ्यावे. आकडेमोड आजचीच हवी.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हिरव्या वसईसाठी जी चळवळ उभी राहिली, तिने एक गोष्ट सिद्ध केली: या भागातील माणूस आपल्या भूमीविषयी उदासीन नाही, त्याला तिच्या भवितव्यात वाटा हवा आहे. वाडवळ, कुपारी, कोळी, आदिवासी अशा नाना समाजांनी जी बागायत, मासेमारी आणि रानवाटा राखल्या, त्यांच्याच अंगणात ही स्मारके उभी आहेत. सहलीची गाडी संध्याकाळी परत जाईल, त्यात वावगे काही नाही. मात्र ती जाताना गावात ठेवीदार म्हणून काही मागे ठेवून जाते की नुसती धूळ, याचा निर्णय महापालिका, पुरातत्त्व खाते आणि पर्यटन खाते यांनी एकत्र बसून घेतला पाहिजे. शेजाऱ्याच्या सद्भावनेवाचून कोणताही तट फार काळ उभा राहत नाही, आणि ती सद्भावना कायद्याच्या फलकाने मिळत नसते.