उडणारं कुत्रं पाहून झाल्यावर

सुट्टी लागली की घरात एखादा तरी कुत्र्याचा सिनेमा लागतो. हल्ली त्यातलं कुत्रं नुसतं शहाणं असून भागत नाही. ते उडतं, भिंती फोडतं, डोळ्यांतून आग सोडतं. 'बोल्ट' आहे, 'अंडरडॉग' आहे, 'सुपर-पेट्स' आहे. २०२५ च्या 'सुपरमॅन'मध्ये लाल झूल पांघरलेला क्रिप्टो आहे. अलिबागजवळच्या आमच्या किहीमला शनिवार-रविवार राहायला येणारी मुलं हे सिनेमे पाहतात आणि आमच्या गावातली मुलंही पाहतात. पाहू द्या. शक्यतो तुम्हीही शेजारी बसा.

मला सांगायचं आहे ते सिनेमा संपल्यानंतरचं.

सिनेमा संपला की मूल बाहेर दिसेल त्या कुत्र्याकडे धावतं. आणि घरात धोशा सुरू होतो, "मला पण कुत्रा पाहिजे." दोन्ही ठिकाणी मोठ्यांनी जागं राहायला हवं. दोन्ही ठिकाणी मुलाचं नुकसान होऊ शकतं आणि त्या मुक्या जिवाचंही.

त्याच रात्री मुलाला सांगा की हा क्रिप्टो संगणकावर घडवलेला आहे. 'बोल्ट', 'सुपर-पेट्स' ही तर चित्रंच आहेत. चार-पाच वर्षांच्या मुलाला हे आपोआप कळत नाही. ते खरंच कुत्र्याला ओढणी बांधून ओट्यावरून ढकलून पाहील. पिल्लू तेवढ्या उंचीवरून पडलं तरी पाय मोडतो. गळ्याभोवती बांधलेली ओढणी कुंपणाच्या तारेत अडकली तर फासच बसतो. म्हणून कुत्र्याला झूल, टोपी, चष्मा काही नको. एकदा स्पष्ट सांगा आणि लक्ष ठेवा.

या सगळ्या सिनेमांत घरात मुद्दाम लावावा असा मला 'बोल्ट' वाटतो. तो २००८ सालचा. त्यातला कुत्रा टीव्हीच्या मालिकेत काम करतो. आपल्या अंगात अचाट शक्ती आहे असं त्याला खरंच वाटत असतं, कारण मालिकावाल्यांनी त्याला तसंच वाढवलेलं असतं. मग तो चुकून घरापासून फार लांब जातो आणि भूक काय, खरचटणं काय, हे त्याला पहिल्यांदा कळतं. शेवटी आगीत अडकलेल्या आपल्या छोट्या मालकिणीजवळ तो थांबतो आणि हवेच्या झरोक्यातून भुंकत राहतो. ते भुंकणं ऐकून आग विझवणारी माणसं पोचतात. ते साधं भुंकणं असतं, कुठल्याही कुत्र्याचं. मुलाशी याच जागी बोला. विचारा, "आपल्या गल्लीतल्या कुत्र्याला काय काय येतं?"

उत्तर तुम्हाला माहीत हवं, म्हणून थोडं सांगतो.

माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या वीस कोटींच्या पुढे असतात. आपण आमटीचा वास घेतो तेव्हा आपल्याला आमटी कळते. कुत्र्याला त्यातली हळद, हिंग, कोकम वेगवेगळं कळत असावं, इतकं ते नाक तीक्ष्ण असतं. कानांचंही तसंच. आपल्याला ऐकूच न येणारे बारीक, उंच आवाज त्याला ऐकू येतात.

या नाकाने काय होतं याची आपल्याच रायगड जिल्ह्याशी जोडलेली गोष्ट मुलांना सांगा. १२ मार्च १९९३ ला मुंबईत बॉम्बस्फोट झाले. २५७ माणसं गेली. त्यासाठीची स्फोटकं समुद्रातून उतरवली होती, ती आपल्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यात शेखाडीला आणि दिघीला. त्या दिवसांत मुंबई पोलिसांच्या बॉम्बशोधक पथकात 'झंजीर' नावाचा एक लॅब्रेडॉर होता. त्याने नुसत्या वासावरून तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स, शेकडो डिटोनेटर आणि हातबॉम्ब शोधून दिले. ते फुटले असते तर आणखी किती घरं उजाड झाली असती, याचा विचार करा. नोव्हेंबर २००० मध्ये तो हाडांच्या कॅन्सरने गेला. पोलिसांनी त्याला मानवंदना देऊन निरोप दिला. तो उडत नव्हता. त्याच्यावर मन लावून काम करणारा हँडलर होता, रोजचा सराव होता आणि वेळेवर जेवण होतं. हेही मुलांना सांगा, कारण नाकाइतकंच तेही लागतं.

आता घरातल्या धोशाकडे येऊ.

लगेच हो म्हणू नका. लगेच नाहीही म्हणू नका. "सहा महिन्यांनी बोलू," असं सांगा आणि ते खरंच पाळा. सिनेमाची भूल महिन्याभरात उतरते. ती उतरल्यावरही मूल मागतच राहिलं, तर मागणी खरी आहे.

पडद्यावरचं कुत्रं पाहून खरेदी करणाऱ्यांचं काय होतं, ते आपण पाहिलेलं आहे. २००३ साली हच मोबाइलची जाहिरात आली. लहान मुलाच्या मागे मागे चालणारा चपट्या नाकाचा पग. घराघरांत पगची लाट आली. पण त्या चपट्या नाकानेच त्याला श्वास घ्यायला जड जातं. आपल्याकडच्या मे महिन्यात तो धापा टाकत पडून राहतो. हौशीने आणलेले कितीतरी पग नंतर दुसऱ्याच्या गळ्यात मारले गेले, काही रस्त्यावर आले. क्रिप्टोसारखा पांढरा शुभ्र केसाळ कुत्रा मागणाऱ्या मुलाला हे सांगा. दाट केसांच्या, थंड मुलखातल्या जातींना कोकणचा दमट उकाडा म्हणजे रोजचा त्रास. चोवीस तास एसी लावून कुत्रं पाळणं हे त्याला खोलीत कोंडणंच आहे.

कुत्रं दहा ते चौदा वर्षं जगतं. आज मूल आठ वर्षांचं असेल तर ते कॉलेजात जाईपर्यंत कुत्रं घरात असणार. सकाळी कोण फिरवणार? गावाला गेलात तर कुणाकडे ठेवणार? डॉक्टरचा खर्च कोण करणार? हे कागदावर लिहा. उत्तर दर वेळी "आई" असं आलं तर आईला आधी विचारा.

आमच्याकडे बंगला असलेल्या मंडळींना एक गोष्ट जरा कळकळीने सांगतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये जमत नाही म्हणून कुत्रं इथे आणून ठेवायचं, माळ्याच्या हवाली करायचं आणि शनिवारी येऊन खेळायचं, असं कृपा करून करू नका. पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद होतात. तुमचं येणं कमी होतं. माळी बिचारा आपल्या भातलावणीत असतो. कुत्रं फाटकाकडे तोंड करून बसून राहतं, मग एक दिवस कुंपणाखालून बाहेर पडतं. त्याला रस्त्यावर जगायची सवय नसते. गावातली कुत्री त्याला वाडीत शिरू देत नाहीत. पाळलेल्या जनावराला उपाशी-तहानलेलं राहील असं सोडून देणं १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवा. ज्याने तुमची वाट पाहिली, त्याच्याकडे बघा.

पुळणीवर जाताना मुलांना काय सांगायचं ते आता नीट ऐका. इथे चूक झाली तर ती जिवावर बेतते.

किनाऱ्यावरची कुत्री बहुतेक शांत असतात. तरी ती सिनेमातली नाहीत. मूल अंगावर धावत गेलं तर ती घाबरतात. खाणाऱ्या, झोपलेल्या कुत्र्याकडे किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीकडे जायचं नाही. थळ-नवगावच्या बाजूला मासळी सुकत असते, तिथे कुत्र्यांची आपसांत भांडणं लागतात. त्यांच्या मध्ये जायचं नाही. कुत्रं अंगावर आलंच तर पळायचं नाही. हात अंगाशी घेऊन झाडासारखं उभं राहायचं आणि त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही. घरीच दोन-तीनदा करून घ्या. मुलांना हा खेळ आवडतो.

आणि तरीही चावलं, किंवा नुसता दात लागून ओरखडा उठला, तर सगळं सोडून आधी ती जागा धुवा. साबण आणि वाहतं पाणी. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, तिखट, चुना, तेल काही लावू नका. घट्ट पट्टी बांधू नका. मग त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात नाहीतर अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात जा. डॉक्टर रेबीजच्या लसीच्या तारखा लिहून देतील. सुट्टी संपली, मुंबईला परत गेलात, तरी राहिलेले डोस तिथे पुरे करा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तर जखमेत द्यायचं वेगळं इंजेक्शनही लागतं, त्याबद्दल स्वतःहून विचारा. रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. वेळेवर धुतलेली जखम आणि वेळेवर घेतलेली लस मात्र वाचवते. मूल ओरडा बसेल म्हणून चावलेलं लपवतं. म्हणून आधीच सांगून ठेवा, "सांगितलंस तर कोणी रागावणार नाही." आणि मग खरंच रागावू नका.

त्या सहा महिन्यांत मुलाने काय करायचं? त्याला एक वही द्या.

आपल्या याच किहीममध्ये १९३० साली पक्षितज्ज्ञ सालिम अली राहत होते. घराजवळच्या सुगरण पक्ष्यांच्या वसाहतीकडे ते दिवसचे दिवस बघत बसले. नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि मग नर दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांनी इथे बसून टिपलं. त्या टिपणांनी जगभरच्या अभ्यासकांचं लक्ष वेधलं. त्यांनी पक्ष्यांना जवळ ओढलं नाही. लांब बसले, पाहिलं आणि लिहिलं.

मुलालाही तेच करायला सांगा. गल्लीतलं एक कुत्रं निवडायचं. लांबून बघायचं. ते सकाळी कुठे झोपतं, दुपारी कुठल्या सावलीत जातं, कुणाची चाहूल लागली की कान टवकारतं, एखाद्या जागी किती वेळ हुंगतं, हे लिहायचं. चित्र काढायचं. मला वाटतं, वही अर्धी भरेपर्यंत सिनेमातल्या कुत्र्याची बरोबरी मुलाच्या मनातून गेलेली असेल आणि समोरच्या कुत्र्याची ओळख झालेली असेल.

सहा महिन्यांनी घरातल्या सगळ्यांचं "हो" असेल, तर गावठी पिल्लू घ्या. ते या हवेत जन्मलेलं असतं. आठ आठवड्यांचं होण्याआधी त्याला आईपासून तोडू नका. आणल्यावर पहिल्याच आठवड्यात जनावरांच्या डॉक्टरकडे न्या. जंतांचं औषध आणि लसींच्या तारखा विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी. वेळ आली की नसबंदी करा. पावसात रोज संध्याकाळी कानांत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचीड बघा. चॉकलेट, मनुका, कांदा देऊ नका. दुपारच्या वाळूवर आपला तळहात ठेवून बघा, तुम्हाला चटका बसला तर त्यालाही बसतो.

दिवाळीत आणि ३१ डिसेंबरला किनाऱ्यावर फटाके लागतात. ते कान किती तिखट असतात ते वर सांगितलंच आहे. त्या रात्री त्याला आतल्या खोलीत घ्या, खिडक्या लावा, पंखा मोठा करा आणि घरातलं एक माणूस जवळ बसू द्या. भेदरलेलं कुत्रं दोरी तोडून चोंढीपर्यंतही पळत जातं. म्हणून गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा मोबाइल नंबर पक्क्या शाईने लिहा आणि दर दोन महिन्यांनी तो पुसला तर नाही ना, ते बघा.