बांबू गावाचा झाला, उद्योग कोणाचा?

चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत लहान उत्पादक का वाढत नाही, याची चर्चा निघाली की भांडवलाचा अभाव आणि लोकांची उदासीनता ही दोन कारणे पुढे केली जातात. बांबूचा इतिहास पाहिला तर ही मांडणी टिकत नाही. बांबू हे शास्त्रदृष्ट्या गवत. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याची गणना झाडांत केली आणि जंगलातील बांबूची तोड व वाहतूक वनखात्याच्या हाती गेली. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या बल्लारपूरच्या कागद गिरणीला हा बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळत राहिला. सुपे, टोपल्या, तट्टे विणणारा बुरूड मात्र परवान्यासाठी खात्याच्या दारी उभा राहिला. कौशल्य त्याच्यापाशी होते. कच्च्या मालावर हक्क नव्हता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज ठरवून ही स्थिती बदलण्याचा मार्ग खुला केला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरीही वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती येण्यास २७ एप्रिल २०११ हा दिवस उजाडावा लागला. कायदा संमत होणे आणि सत्ता हस्तांतरित होणे यांतील अंतर देवाजी तोफा व त्यांच्या सहकाऱ्यांना संघर्षानेच तोडावे लागले. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरील बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला; तिचा लाभ शेतात बांबू लावणाऱ्यास. जंगलावर जगणाऱ्याचा आधार २००६ चा कायदाच आहे.

परंतु येथे थांबून चालणार नाही. ग्रामसभा कच्चा बांबू लिलावात विकते तेव्हा गावाला तोडीची मजुरी आणि बांबूची किंमत मिळते. त्यापासून वस्तू बनवण्यातील मोबदला दुसरीकडे जातो. चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, हे स्वागतार्हच. पण प्रशिक्षित कारागिराला वर्षभर ठरावीक दराने बांबू हवा. बांबूला कीड लागू नये म्हणून प्रक्रियेची टाकी हवी. माल विकला जाईपर्यंत घर चालवण्यापुरते खेळते भांडवल हवे. या तिन्ही गोष्टी एकट्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेरच्या आहेत. एक ग्रामसभाही त्या सर्व उभारू शकेलच असे नाही. अनेक ग्रामसभांच्या संघाला ते शक्य आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन मागण्या एकत्र मांडल्या पाहिजेत. ग्रामसभेने दरवर्षीच्या तोडीतील काही हिस्सा लिलावापूर्वीच गावातील कारागिरांसाठी राखून ठेवावा. आणि शासनाने ग्रामसभा संघांना प्रक्रिया केंद्रासाठी व खेळत्या भांडवलासाठी सहकारी पतपुरवठा करावा. पहिली मागणी गावाने स्वतःकडेच करावयाची आहे, हे विसरता कामा नये. मालकी मिळवूनही गाव केवळ तोडीचा मजूर राहिले, तर ठेकेदार बदलेल, व्यवस्था बदलणार नाही.