जाहीर इशारा: ‘गाडी तर उभीच होती’ हे उत्तर आता पुरे

एसटी स्टँडपासून साखर कारखान्याच्या फाट्यापर्यंतच्या रस्त्यावर गाड्या लावणाऱ्या सर्वांना, म्हणजे ट्रॅक्टरमालक, ट्रकवाले, कारवाले, गॅरेजवाले, ढाबेवाले आणि मंगल कार्यालयांचे चालक यांना, या रस्त्याकडेला राहणाऱ्या आम्हा रहिवाशांचा हा इशारा आहे. हात जोडून झाले, फलक लावून झाले. आता मुदत देत आहोत.

दर हंगामात तेच घडते. उसाच्या ट्रॉलीचा टायर बसतो. चालक ट्रॉली रस्त्यातच सोडतो आणि टायर घेऊन गावात जातो. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. चाकामागे दोन दगड आणि धोक्याची खूण म्हणून बाभळीची एक फांदी. अंधार पडतो. दुचाकीवर नवरा-बायको येतात. समोरून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर पडतो आणि त्या झोतामागे ट्रॉली दिसतच नाही.

पुढचेही ठरलेले असते. जखमींना रिक्षात घालेपर्यंत कोणीतरी ट्रॉली ओढून नेतो. पोलीस येतात तेव्हा रस्त्यावर मोडलेली दुचाकी, काचा आणि चपला एवढेच उरलेले असते. मग कागदावर उमटते ते पाठ झालेले वाक्य: चालकाने हयगयीने, अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून वाहन चालवले. गेलेल्या माणसावरच गुन्हा नोंदवला जातो आणि ट्रॉली त्या रात्री तिथे नव्हतीच असे होते.

आमचे म्हणणे एवढेच: उभी गाडी यापुढे पंचनाम्यातून निसटणार नाही.

‘माझी गाडी उभी होती, तोच येऊन आदळला’ असे छातीठोक सांगणाऱ्यांनी कायदा नीट समजून घ्यावा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२२ नुसार इतरांना धोका, अडथळा किंवा विनाकारण त्रास होईल अशा जागी वा अशा अवस्थेत गाडी ठेवणे हाच गुन्हा आहे. त्यासाठी गाडी चालू असावी लागत नाही. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे सातारा जिल्ह्यात पुणे-बंगळूर महामार्गावर ट्रकशी टक्कर होऊन पेट्रोलचा टँकर रस्त्याखाली जाऊन पडला. काही तासांनी त्याचा स्फोट झाला आणि जवळ जमलेली माणसे भाजली, काही दगावली. टँकर तेव्हा निश्चल पडला होता, मग भरपाई कशाची, असा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९१ साली न्यायालयाने सांगितले की, गाडी थांबलेली असली तरी तो गाडीचा ‘वापर’च असू शकतो. म्हणजे तुमची पळवाट बंद होऊन तीस वर्षांहून जास्त काळ लोटला आहे.

‘पण मागून येणाऱ्याने बघून चालवायला नको का?’ जरूर बघावे. वेगात, दारू पिऊन किंवा मोबाइल बघत आलेल्याला आम्ही पाठीशी घालणार नाही. अपघात भरपाईचे दावे ऐकणारे न्यायाधिकरण दोघांचा दोष तपासते आणि धडकणाऱ्याचा जेवढा वाटा, तेवढी त्याची भरपाई कापते. मात्र तो वाटा असतोच असे धरून चालू नका. रात्री दिव्यांशिवाय भर रस्त्यात उभ्या केलेल्या टँकरवर कार आदळली, त्या प्रकरणात उच्च न्यायालयाने निम्मा दोष कारचालकावर टाकला होता. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो काढून टाकला आणि संपूर्ण जबाबदारी टँकरवर ठेवली. दुचाकीवर मागे बसलेल्या बाईचा तर यात काहीच दोष नसतो. दोन वाहनांच्या चुकीने तिसरा माणूस मरतो, तेव्हा त्याच्या वारसांना दोघांपैकी कोणाकडूनही पूर्ण रक्कम मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. तो ‘कोणीही’ तुम्ही असू शकता.

साधा हिशेब करा. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी दुचाकी एका सेकंदात साडेसोळा मीटरहून जास्त पुढे जाते. डोळ्यांवरचा झोत ओसरून समोर काहीतरी आहे हे कळायला एक-दोन सेकंद जातात. ब्रेकवर पाय पडतो तो त्यानंतर. पाठीमागे लावलेला रिफ्लेक्टर आणि गाडीबरोबर मिळणारा लाल त्रिकोण हेच सेकंद परत देतात. तुमच्या डिकीत तो त्रिकोण अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल, तर तो आजच बाहेर काढा.

आता जबाबदारी कोणाची, ते एकेकाला सांगतो.

चालक: ५०० रुपयांची पावती फाडली की सुटलो, या भ्रमात राहू नका. सार्वजनिक रस्त्यावर धोका वा अडथळा निर्माण केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ खाली पाच हजारांपर्यंत दंड आहे. जुन्या दंडविधानात तो दोनशे रुपये होता. हयगयीमुळे कोणी मेले तर न्याय संहितेच्याच कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अपघातानंतर गाडी गुपचूप हलवून पुरावा नाहीसा करणाऱ्यासाठी कलम २३८ वेगळे आहे. कारवाल्यांनीही ऐकावे: रस्त्याच्या बाजूचे दार मागे न बघता उघडणे ही तितकीच हयगय आहे.

मालक: चालक तुमचा, काम तुमचे, तर भरपाईही तुमची. चालकाकडे परवाना नसेल, ट्रॉलीचा विमा उतरवलेला नसेल, शेतीसाठी नोंदवलेला ट्रॅक्टर भाड्याने ऊस ओढत असेल, तर विमा कंपनी तिथेच हात झटकू पाहते. कधी आधी पैसे भरते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. तेव्हा सातबारा पुढे येतो.

गॅरेजवाले: दुरुस्तीला आलेली गाडी तुमच्या ताब्यात असते आणि कलम १२२ ज्याच्या ताब्यात गाडी आहे त्याच्याविषयीच बोलते. रस्ता हे तुमचे वर्कशॉप नाही.

मंगल कार्यालये आणि ढाबे: मंजूर नकाशात दाखवलेले पार्किंग कुठे गेले? तिथे मांडव घातलात, शेड टाकलीत आणि वऱ्हाडाच्या गाड्या वळणावर लावल्यात. अपघात झाल्यास त्या नकाशाची प्रत आम्ही माहिती अधिकारात मागवू आणि पोलिसांकडे देऊ.

पोलीस आणि नगरपालिका: बेवारस किंवा मनाई असलेल्या जागी लावलेली गाडी उचलून नेण्याचा आणि खर्च मालकाकडून घेण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ ने पोलिसांना दिला आहे. तो वापरल्याचे आम्हाला दिसले पाहिजे. तक्रार येऊनही महिनोन्‌महिने तिथेच सडणाऱ्या ट्रकवर कोणी आदळला, तर तक्रारीची पोचपावती आम्ही न्यायाधिकरणापुढे ठेवू.

मुदत पंधरा दिवसांची. तेवढ्यात पुढील गोष्टी झाल्या पाहिजेत:

१. फाट्यावरचे वळण, शाळेचे फाटक, दवाखान्याचे दार, बसथांबा आणि झेब्रा पट्टे पूर्ण मोकळे करावेत.

२. प्रत्येक ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर लावावेत. कारखान्याने रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली वजनकाट्यावर घेऊ नये.

३. गाडी बंद पडलीच तर ती डांबरी रस्त्यावरून खाली घ्यावी. ते शक्य नसेल तर त्रिकोण ठेवावा, पार्किंगचे दिवे चालू करावेत आणि एक माणूस थांबवावा.

४. रस्त्याकडेच्या भंगार गाड्या मालकांनी स्वखर्चाने हलवाव्यात.

मुदत संपल्यावर आम्ही काय करणार, हेही उघड सांगतो. कोणाच्या टायरची हवा सोडणार नाही, काच फोडणार नाही. नंबर, जागा आणि वेळेसह फोटो काढून पोलिसांत तक्रार देऊ आणि तिची पोच घेऊ. अपघात झाला तर आधी जखमींना उचलू. मदत करणाऱ्याला आता कायद्याचेच संरक्षण आहे. मग उभ्या वाहनाचा फोटो घेऊ आणि त्याची जागा नकाशात दाखवायला लावू. एप्रिल २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी घटनास्थळाचे फोटो आणि नकाशा करायचा असतो, तसेच पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्या नकाशात ट्रॉली नसेल तर आम्ही लेखी हरकत घेऊ आणि साक्षीला उभे राहू. आजवर ‘कशाला कोर्टाची पायरी’ म्हणून आम्ही गप्प बसलो. तो आमचा दोष होता.

आणखी एक दोष कबूल करतो. आमच्यातल्या अनेकांच्या गाड्याही दारापुढे रस्त्यावरच असतात. त्यांना ही पंधरा दिवसांची मुदत नाही, तीन दिवसांची आहे. पहिली तक्रार आमच्याच आळीतल्या गाडीची असेल, म्हणजे कोणाला बोट दाखवायला जागा राहणार नाही.

कारखान्याच्या गव्हाणीत लवकरच पहिली मोळी पडेल आणि रस्ता ट्रॉल्यांनी भरेल. त्याआधी ज्याने त्याने आपली गाडी कुठे उभी आहे ते जाऊन पाहावे. आणि गाडी काढताना चाकामागचे दगड उचलावेत. तुम्ही निघून गेल्यावर ते तिथेच राहतात, आणि मागून दुचाकी येत असते.