मोबाइलवरचा नकाशा चालतो कसा? आणि तुमची वाडी त्यावर का दिसत नाही?

गेल्या पावसाळ्यात मित्राच्या गावी जाताना माळशेज घाट ओलांडला आणि मोबाइलवरचा नकाशा गायब झाला. स्क्रीनवर नुसते करडे चौकोन उरले. त्यांच्यावरून निळा ठिपका मात्र इमानेइतबारे पुढे सरकत होता. शेवटी टपरीवरच्या काकांनी ‘वडाच्या झाडापासून डावीकडं वळा, मग वाडीच’ असे सांगितले आणि आम्ही पोहोचलो. ती वाडी नेटवर्क आल्यावरही नकाशावर नव्हतीच. असे का होते, हे समजून घेऊ.

नकाशा म्हणजे फरशा

आपल्याला स्क्रीनवर एकच सलग नकाशा दिसतो. प्रत्यक्षात तो छोट्या चौकोनी तुकड्यांचा असतो. त्यांना ‘टाइल’ म्हणतात. टाइलचे रूढ माप २५६ बाय २५६ पिक्सेल. सर्वांत दूरच्या, म्हणजे शून्य झूमला अख्खे जग एका टाइलमध्ये बसते. एक पायरी जवळ गेलात की त्या टाइलच्या चार होतात, पुढे सोळा. दहाव्या पायरीला हा आकडा १० लाख ४८ हजार ५७६ होतो आणि अठराव्या पायरीला सुमारे ६,८७२ कोटी.

एवढे सगळे फोनवर उतरवणे अशक्यच. म्हणून तुम्ही बोट फिरवता तेव्हा ॲप फक्त समोर दिसणाऱ्या आणि आजूबाजूच्या काही टाइल मागवते. २००५ मध्ये गुगल मॅप्स आले तेव्हा पान पुन्हा लोड न होता नकाशा सरकतो, याचेच लोकांना नवल वाटले होते. नेटवर्क गेले की नव्या टाइल येत नाहीत आणि करडे चौकोन दिसतात.

मग ठिपका कसा चालतो?

ठिपका नकाशाचा भाग नसतो. तो वर अंथरलेला वेगळा थर असतो. फोनचा जीपीएस उपग्रहांच्या संकेतांवरून जागा काढतो, त्याला इंटरनेट लागत नाही. म्हणून घाटात जाण्यापूर्वी त्या भागाचा ऑफलाइन नकाशा उतरवून ठेवा. ठिपका आणि रस्ता, दोन्ही सोबत राहतील. ठिपक्याभोवतीचे फिकट वर्तुळ मोठे झाले, तर फोनला जागेची तेवढी खात्री नाही, असे समजा.

नावे कोण ठरवते?

पूर्वी टाइल म्हणजे तयार चित्र असे. आता बहुतेक ॲप ‘व्हेक्टर टाइल’ वापरतात. त्यात चित्राऐवजी बिंदू, रेषा आणि आकार यांची माहिती येते आणि चित्र तुमचा फोन काढतो. म्हणून नकाशा फिरवला तरी अक्षरे सरळ राहतात, आणि माहितीत मराठी नाव असेल तर ते मराठीतही दाखवता येते.

पण स्क्रीन लहान आणि नावे ढीगभर. दोन नावे एकमेकांवर आली की सॉफ्टवेअर एक ठेवते, दुसरे लपवते. कोणते ठेवायचे हे ठरवून दिलेल्या क्रमाने होते. आधी शहर, मग तालुका, मग गाव. वाडी, पाडा, तांडा सगळ्यांत शेवटी. बऱ्याचदा तर ते नाव मूळ माहितीतच नसते. मग कितीही झूम करा, तिथे फक्त हिरवा रंग दिसतो.

माझा आक्षेप इथे आहे. करडा चौकोन निदान ‘माझ्याकडे माहिती नाही’ हे कबूल करतो. हिरवी मोकळी जागा मात्र ‘इथे काहीच नाही’ असे सांगते. बाहेरून आलेल्या रुग्णवाहिकेच्या चालकाला रात्री दोन वाजता हा फरक कसा कळणार? उपग्रह चित्रात घरांची छपरे दिसतात हे खरे, पण छपरावर वाडीचे नाव लिहिलेले नसते. ते माणसांनीच सांगावे लागते.

करायचे काय?

२००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशात कोणीही खाते उघडून आपल्या वाडीचे नाव, शाळा, पाण्याची टाकी, पायवाट नोंदवू शकते. इतर ॲपमध्येही ठिकाण सुचवण्याची सोय असते. गावातल्या दोन-चार कॉलेजच्या मुलांना एका रविवारी जमेल असे हे काम आहे. ग्रामपंचायतीने नावांची यादी दिली तर चुकाही कमी होतील.

सरकारकडूनही अपेक्षा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्राने नकाशांच्या माहितीवरचे निर्बंध बरेच सैल केले. तरी विकास आराखड्यांचे नकाशे अनेकदा भल्यामोठ्या पीडीएफमध्येच मिळतात. मोबाइलवर ते उघडता उघडता डेटा संपतो. तेच नकाशे टाइलच्या रूपात, मराठी नावांसह दिले, तर गावातला माणूस आपली जमीन आणि प्रस्तावित रस्ता स्वतः पाहू शकेल.

आज एक करून बघा. नकाशा उघडा, आपल्या गावावर जा आणि पूर्ण झूम करा. वाडीचे नाव दिसले नाही, तर ते लिहिण्याइतकी माहिती तुमच्याइतकी कुणाकडेच नाही. टपरीवरचे काका प्रत्येक वळणावर भेटतीलच असे नाही.